मानकनगर आणि गाडीतला दिवा

मुंबईहून निघालेली पुष्पक एक्सप्रेस झाशी, उरई, कानपूर अशा मजला मारीत लखनौच्या वेशीवर येते, तेव्हा चारबागच्या थोडे अलीकडे एक लहानसे स्थानक तिच्या खिडकीतून भर्रकन मागे जाते. पाटीवरचे नाव असते मानकनगर. गाडी तेथे थांबत नाही. उतारू तोवर वळकट्या बांधण्यात गुंतलेले असतात, आणि ते नाव वाचण्याचे कारणही कोणास पडत नाही.

मराठी माणसाला लखनौ ठाऊक आहे ते निराळ्या कारणांनी. १९१६ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन तेथे भरले, लोकमान्य टिळक त्या अधिवेशनाला गेले आणि हिंदू-मुसलमानांतील सुप्रसिद्ध करार तेथेच झाला. पुढे दहा वर्षांनी, १९२६ साली, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी त्याच नगरीत संगीताचे मॅरिस कॉलेज निघाले. नवाब, ठुमरी, चिकनचे कुडते ही लखनौची आणखी ओळख. या यादीत मानकनगरला स्थान नाही. तरीही आगगाडीने हिंडणाऱ्या प्रत्येक भारतीयाचे या वस्तीशी एक नाते आहे. गाडी एखाद्या आडस्थानकात अर्ध्या रात्री उभी असते, तिची चाके फिरत नाहीत, आणि डब्यातला दिवा मात्र जळत राहतो. तो कशाच्या बळावर जळावा, आणि ते बळ डब्याच्या पोटात कसे भरावे, याचे नियम या मानकनगरात लिहिले गेले.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती भर दुपारी. पुढे रात्रीच्या गाड्या निघाल्या, तेव्हा डब्याच्या छताला भोक पाडून त्यातून तेलाचा दिवा आत सोडीत. दिवाबत्ती करणारा गडी छतावरून या डब्यावरून त्या डब्यावर चालत जाई. मागाहून काही ठिकाणी वायूचे दिवे आले. ते अधिक उजळ होते. पण लाकडी डबे, दाबाखाली भरलेला वायू आणि अपघाताची शक्यता या तिघांचे साहचर्य सुखाचे नव्हते.

विजेचा दिवा गाडीत आला तो शिशाच्या बॅटरीचा हात धरून. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे पातळ गंधकाम्लात बुडवून असा विद्युत्‌घट सिद्ध केला की, जो रिकामा झाल्यावर फेकून द्यावा लागत नसे. उलट दिशेने प्रवाह सोडला की तो पुन्हा भरे. १८८१ साली कामी फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि घट भरण्याचे काम पुष्कळ सोपे झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडन ते ब्रायटन या मार्गावर ‘बिअॅट्रिस’ नावाचा एक पुलमन डबा फोरच्या घटांवर उजळला. भारतात विजेचे दिवे गाड्यांत सरसकट बसविण्याचा पहिला मान १९०२ साली जोधपूरच्या रेल्वेने मिळविला. संस्थानी रेल्वेने बड्या कंपन्यांना मागे टाकावे, ही गोष्ट मौजेची खरी.

बॅटरी डब्याखाली बसविली, पण ती भरावयाची कशी? प्रत्येक मुक्कामी ती उतरवून भरणे परवडणारे नव्हते. इंग्लंडातील जे. स्टोन आणि कंपनी यांच्या पद्धतीने त्यावर तोडगा निघाला. डब्याच्या आसाला एक चामडी पट्टा जोडावयाचा आणि त्या पट्ट्याने खाली टांगलेला डायनामो फिरवावयाचा. गाडी धावू लागली की वीज उत्पन्न होते, दिवे लागतात आणि उरलेली वीज बॅटरीत साठते. गाडी थांबली की बॅटरी ते ऋण फेडते. कल्पना सुटसुटीत होती, पण आगगाडी कधी ताशी दहा मैलांनी रांगते, कधी पन्नास मैलांनी धावते. डायनामो त्याच प्रमाणात वेग घेऊ लागला तर दिवे जळून जातील आणि बॅटरी उकळेल. म्हणून डायनामो असा सैल टांगीत की, ठरावीक वेगापलीकडे पट्टाच घसरू लागे. गाडी उलट दिशेने निघाली तर प्रवाहाची दिशा बदलू नये यासाठी वेगळी योजना असे, आणि वेग मंदावला की बॅटरीतील वीज डायनामोतून परत वाहून जाऊ नये म्हणून त्यांचा संबंध तोडणारी एक कळ असे. जुन्या पिढीच्या प्रवाशांना आठवत असेल की, गाडी भरधाव असताना दिवे पांढरे असत आणि स्थानकात शिरता शिरता ते पिवळे पडत. बॅटरी भरताना दाब चढलेला असतो आणि रिती होताना उतरलेला असतो, एवढेच त्याचे कारण होते.

या पद्धतीचा खरा आधार यंत्र नव्हता, माणूस होता. प्रत्येक मोठ्या स्थानकाच्या यार्डात बॅटरीची देखरेख करणारी मंडळी असत. हातात ऊर्ध्वपातित पाण्याचा डबा, खिशात काचेची नळी. घटाचे बूच काढावयाचे, नळीने थोडे अम्ल ओढावयाचे आणि आतल्या तरंगत्या काट्यावर त्याचे विशिष्ट गुरुत्व वाचावयाचे. बॅटरी रिती होताना गंधकाम्ल शिशाशी संयोग पावून पत्र्यांवर शिशाचे सल्फेट बनते, म्हणून अम्ल पातळ होते. ती भरताना ते सल्फेट पुन्हा मोडते आणि अम्ल दाट होते. गाड्यांच्या दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या घटांत हा काटा १.२१ च्या आसपास आला म्हणजे घट भरला असे समजत. बॅटरीच्या पोटातली गोष्ट अशी बाहेरून वाचता येत होती.

दुसरी खूण म्हणजे बुडबुडे. घट भरत आला, प्रत्येक घटामागे दाब २.४ व्होल्टच्या घरात गेला की, आलेली वीज सल्फेट मोडण्याऐवजी पाणीच मोडू लागते. धन पत्र्यावर प्राणवायू सुटतो, ऋण पत्र्यावर हायड्रोजन. अम्ल उकळल्यासारखे दिसते. हे बुडबुडे जाणत्याला सांगत की, आता हात आखडता घ्यावा. मात्र तोच जाणता मधूनमधून मुद्दाम घट थोडा अधिक भरी, कारण मालिकेतले सगळे घट सारखे नसतात. मागे पडलेल्या घटाला पुढच्यांच्या बरोबरीला आणावयाचे तर पुढच्यांना थोडे उकळू द्यावे लागे. त्यात जे पाणी उडून जाई ते दुसऱ्या दिवशी डब्यातून घालता येई. उघड्या घटाचा हा मोठा गुण होता. त्याला चूक सोसवत असे, आणि ती चूक पाण्याने भरून काढता येत असे.

अर्थात हा कारभार सर्वत्र जाणत्यांच्याच हाती होता असे नाही. ऊर्ध्वपातित पाण्याच्या जागी नळाचे पाणी पडे. चामडी पट्टे चोरीला जात, आणि मग डबा अंधारातच मुक्कामाला पोचे. रिकाम्या बॅटरीचा डबा यार्डात आठवडाभर पडून राहिला तर पत्र्यांवरच्या सल्फेटचे स्फटिक कठीण होत आणि मग कितीही वीज दिली तरी ते मोडत नसत. अनेक कंपन्या, अनेक तऱ्हेची सामग्री, आणि प्रत्येक यार्डाची आपली रीत. ही अवस्था एका नियमात आणण्याचे प्रयत्न इंग्रजी अमदानीतच सुरू झाले होते. १९३० साली रेल्वेचे मध्यवर्ती मानक कार्यालय स्थापन झाले ते त्यासाठीच. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, लखनौस रेल्वेचे परीक्षण व संशोधन केंद्र निघाले. १९५७ साली ही दोन्ही एकत्र होऊन संशोधन, अभिकल्प आणि मानक संस्था जन्माला आली. आलमबागच्या शेजारी तिची वसाहत उभी राहिली आणि तिच्यावरूनच त्या जागेला मानकनगर हे नाव पडले. एखाद्या वस्तीला राजाचे, देवाचे वा नदीचे नाव असते. मोजमापाचे नाव लाभलेली वस्ती विरळाच.

मानक म्हणजे निव्वळ मापांचा तक्ता नव्हे. यार्डातल्या जाणत्या माणसाला जे बोटांच्या टोकांनी कळते ते त्याला कधीही न भेटलेल्या माणसासाठी शब्दांत आणि आकड्यांत लिहून ठेवणे, हे मानकाचे काम. जुन्या डब्यांत २४ व्होल्टचा दाब होता. तो जाऊन ११० व्होल्ट आला. चामडी पट्टा व डायनामो जाऊन आल्टर्नेटर आणि त्याच्या प्रवाहाला एका दिशेला वळवून काबूत ठेवणारा नियामक आला. देशातल्या शेकडो यार्डांत एकच आकडा वाचला जाऊ लागला.

खरी कसोटी आणली वातानुकूलित डब्यांनी. साध्या डब्याला दिवे आणि पंखे यांपुरती वीज पुरते. तेथे ११० व्होल्ट आणि १२० ॲम्पिअर-तासांची बॅटरी चालते. वातानुकूलित शयनयानाच्या पोटाखाली मात्र दोन व्होल्टांचे ५६ घट, प्रत्येकी ११०० ॲम्पिअर-तासांचे. हिशेब केला तर १२० हून अधिक युनिट वीज झाली; मध्यम घराला ती पंधरवडाभर पुरावी. हे काही टन वजन डब्याखालच्या पेट्यांत, धूळ, चिखल आणि उडती खडी यांच्यात बसलेले. त्या ५६ घटांची बुचे वाकून काढणे, काटा वाचणे, पाणी घालणे, सांडलेले अम्ल पुसणे, हे काम गाडीच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात उरकावयाचे. अम्लाच्या वाफेने पेट्या गंजत, कपडे फाटत, हातांची कातडी जाई. पाणी न मागणारा घट कोणाला नको होता?

तो घट तोवर परदेशी तयार झाला होता. जर्मनीत ओटो याखे याने १९५७ साली अम्लाला खिरीसारखे घट्ट करून ते न सांडेल अशी बॅटरी केली. पुढे अमेरिकेत जॉन डेव्हिट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंची गादी दोन पत्र्यांमध्ये घालून तिच्यातच अम्ल शोषून ठेवले. १९७० च्या दशकात हे घट बाजारात आले. यातली कल्पकता अशी: धन पत्र्यावर सुटणारा प्राणवायू बाहेर न जाता त्या गादीच्या रिकाम्या छिद्रांतून ऋण पत्र्यापर्यंत पोचतो आणि तेथे त्याचे पुन्हा पाणी होते. उडाले ते पाणी घरच्या घरीच परत आले. वर बूच नाही, फक्त एक झडप. आतला दाब फाजील वाढला तरच ती उघडते. म्हणजे ज्याला लोक सीलबंद म्हणतात तो घट खरोखर बंद नसतो, झाकलेला असतो. एवढा भेद ध्यानात राहिला असता तर पुढच्या पुष्कळ चुका टळल्या असत्या.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे घट भारतीय रेल्वेच्या डब्यांखाली आले आणि त्यांचे मानक लखनौहून निघाले. त्यांना नाव पडले ‘मेंटेनन्स-फ्री’. हे नाव विक्रेत्याच्या सोयीचे आहे, वापरणाऱ्याच्या नव्हे. घटाची काळजी नाहीशी झालेली नव्हती. ती पाण्याच्या डब्यातून उठून नियामकाच्या आकड्यात जाऊन बसली होती. विशिष्ट गुरुत्व वाचता येत नाही, कारण बूच नाही. बुडबुडे दिसत नाहीत, कारण भिंत पारदर्शक नाही. आणि मुद्दाम थोडे अधिक भरून मागच्या घटांना बरोबरीला आणण्याची जी जुनी, हितकर सवय होती, तीच आता घातक ठरली. फाजील वीज गेली, झडप उघडली, वायू बाहेर गेला की तेवढे पाणी कायमचे गेले. गादी सुकते, घट मरतो, आणि बाहेरून तो जसाच्या तसा दिसतो.

म्हणून या घटांच्या भरणीचे नियम काटेकोर आहेत. रिती बॅटरी भरावयास घेतली की आरंभी प्रवाहाला लगाम हवा. साधारणपणे क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका प्रवाह, म्हणजे १२० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला १२ ॲम्पिअर, हे सुरक्षित माप. दाब चढत चढत प्रत्येक घटामागे २.३ व्होल्टच्या आसपास आला की तो तेथेच रोखावयाचा आणि प्रवाहाला आपोआप ओसरू द्यावयाचे. शेवटचा काही भाग भरण्यास फार वेळ लागतो. येथे घाई केली की विजेची उष्णता होते आणि काम होत नाही. पूर्ण भरल्यावर बॅटरी जोडलेलीच ठेवावयाची असेल तर दाब २.२५ व्होल्टवर उतरवावयाचा. या दोन आकड्यांत फरक आहे तो व्होल्टच्या अवघ्या विसाव्या हिश्शाचा. पाण्याच्या डब्याच्या काळात कोणी त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

त्यातून लखनौचे हवामान. हे आकडे धरलेले असतात २७ अंश सेल्सिअस तापमानाला. घट तापला की तोच दाब त्याला जास्त होतो. थंडावला की तोच कमी पडतो. ठोकळ नियम असा की, दर अंशामागे दर घटाला तीन सहस्रांश व्होल्ट इकडचे तिकडे करावे. आकडा क्षुल्लक वाटतो. पण मे महिन्यात गंगेच्या मैदानात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ५६ घटांच्या मालिकेचा दाब तीन व्होल्टांनी उतरवावा लागतो. जानेवारीच्या धुक्यात तो ५ अंशांवर आला की पावणेचार व्होल्टांनी चढवावा लागतो. एकाच डब्याला एकाच वर्षात पावणेसात व्होल्टांचे अंतर. ही दुरुस्ती न करता उन्हाळ्यात बॅटरी भरीत राहिले तर काय होते? प्राणवायूचे पाणी होताना उष्णता निघते, उष्णतेने प्रवाह वाढतो, वाढत्या प्रवाहाने आणखी प्राणवायू, आणखी उष्णता. उघड्या घटात ही उष्णता वाफेबरोबर निघून जाई. येथे ती कोंडते. पेटी फुगते, कधी वितळते. आणि झडपेतून सुटलेला हायड्रोजन कोंदट पेटीत हवेच्या शेकडा चार भागांइतका झाला की एक ठिणगी पुरते. म्हणूनच पेटीला वारा हवा आणि नियामकाला तापमान कळावयास हवे. जुन्या नियामकांच्या जागी पुढे इलेक्ट्रॉनिक नियामक आले ते याच निकडीने. दाब आणि बॅटरीत शिरणारा प्रवाह या दोहोंवर ते डोळ्यांत तेल घालून पहारा करतात.

यार्डातल्या बॅटरीवाल्याच्या हातातली काचेची नळी गेली आणि व्होल्टमापक आला. अम्लाने भाजणे थांबले, ही गोष्ट कोणत्याही शास्त्रीय प्रगतीपेक्षा लहान मानू नये. परंतु त्याबरोबर एक विद्याही गेली. नळी घेतलेला माणूस एकेका घटाशी बोलत असे; व्होल्टमापक घेतलेला माणूस ५६ घटांचा एकच आकडा वाचून पुढे जाऊ शकतो, आणि त्या ५६ मध्ये एक मेलेला घट असला तरी बेरीज फारशी चुकत नाही. तेव्हा बंदिस्त घटाची खरी राखण म्हणजे प्रत्येक घटाचा दाब वेगळा मोजून लिहून ठेवणे. नाव ‘मेंटेनन्स-फ्री’ असो वा नसो, वही सुटत नाही.

आता रेल्वेच्या बाबतीत हे प्रकरण उतरणीला लागले आहे. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने जुन्या बांधणीचे डबे करणे २०१८ च्या जानेवारीत थांबविले. नव्या डब्यांच्या पुष्कळ गाड्यांत वीज इंजिनाकडून, वरच्या तारेतून, थेट मिळते. आसाला पट्टा लावण्याची गरज उरत नाही आणि डब्याखालची बॅटरी अडीअडचणीपुरती राहते.

शिशाची बॅटरी मात्र लखनौतून गेली नाही. ती डब्याखालून निघून रस्त्यावर आली. २०१५ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ई-रिक्षांना कायद्यात जागा मिळाली, आणि अमीनाबाद, चौक, आलमबाग येथील गल्ल्या त्यांनी भरून गेल्या. यांतील बहुसंख्य रिक्षांच्या आसनाखाली बारा व्होल्टांच्या चार बॅटऱ्या असतात, म्हणजे चोवीस घट. पुष्कळ बॅटऱ्या अजून पाण्याच्याच आहेत, काही बंदिस्त. आणि एकाच चार्जरवर कधी ही, कधी ती लावली जाते. पाण्याच्या बॅटरीला मानवणारा दाब बंदिस्त बॅटरीला कोरडी करतो, आणि बंदिस्त बॅटरीच्या दाबावर पाण्याची बॅटरी कधी पुरती भरत नाही. रिक्षावाल्याची निकड उघड आहे: दिवसाची मिळकत रात्रीच्या भरणीवर, आणि चार बॅटऱ्यांचा नवा जोड म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. म्हणून तो ती पार रिती होईपर्यंत चालवितो, आणि मग खोलीचे दार लावून, उशाशी ठेवून, भरावयास लावतो.

दर घटाला १.८ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. म्हणजे चार बॅटऱ्यांचा मिळून दाब ४३ व्होल्टांवर आला की रिक्षा घराकडे वळवावी. रिती बॅटरी रात्रभर तशीच न ठेवता त्याच संध्याकाळी भरावयास लावावी. चढावर धावून तापलेली बॅटरी तासभर निवू द्यावी. चार्जर बॅटरीच्या जातीचाच असावा, आणि चारांपैकी एकच जुनी झाली म्हणून तीन जुन्यांत एक नवी मिसळू नये. भरणी दारे बंद खोलीत न करता ओसरीवर, उघड्या वाऱ्यात करावी, आणि तेथे विडी पेटवू नये. यातली एकही गोष्ट नवी नाही. यार्डातल्या नळीवाल्यांना यातल्या बहुतेक ठाऊक होत्या, आणि मानकनगरच्या कागदांत त्या आकड्यांनिशी लिहिलेल्या आहेत. चारबाग स्थानकाबाहेर रिक्षांची जी रांग उभी राहते तिच्यापासून ते कागद दोन-चार मैलांवर आहेत.